म्हातारीचा आवाज

कोळणीच्या पाटीतली जवळजवळ सगळी मासळी ओठांची असते. पापलेट, बोंबील, बांगडा, मांदेली, सुरमई, मोरी. नावं घेऊन बघा, कुठे ना कुठे ओठ मिटावेच लागतात. आणि माझ्या धंद्यात ओठ मिटले की संपलं. बोलक्या बाहुलीचा खेळ करणाऱ्याचे ओठ हलताना दिसले, की पहिल्या रांगेतलं सात वर्षांचं पोरगंसुद्धा ओरडतं, "ओ, तुम्हीच बोलताय!"

म्हणून शहाणा माणूस कोळणीची बाहुली करत नाही. मी केली. सहा महिने आरशासमोर बसून दात जुळवून, ओठ जरासे उघडे ठेवून, ही सगळी अक्षरं जिभेने मागच्या मागे कशी काढायची ते शिकलो. 'बोंबील' या एका शब्दाने माझा अख्खा गणपतीचा महिना खाल्ला.

मला हे कोणी शिकवलेलं नाही. कोकणातून सोळाव्या वर्षी आलो, अंधेरी पूर्वेला खेळण्यांच्या कारखान्यात लागलो. बाहुल्यांची डोकी साच्यातून काढायची आणि शिवण घासायची. पुढे एका नावाजलेल्या जादूगाराकडे बोलक्या बाहुल्यांची विद्या शिकायला गेलो, तर त्याने माझ्या चपलांकडे बघून सांगितलं, "तुझा जबडा मोठा आहे. जमणार नाही." ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही. माझी पहिली बाहुली मी कागदाच्या लगद्याची केली आणि तिच्या जबड्याला सायकलच्या ब्रेकची तार लावली. पुढे कारखान्यातल्या फोरमनशी माझं वाजलं. मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी पूर्णवेळ कलावंत झालो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही वर्षं. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिथे सत्यनारायण, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, तिथे मी पेटी घेऊन हजर. पेटीत दोघं असायचे. एक हौसिंग सोसायटीचा सेक्रेटरी, टकल्या, चष्म्याचा, सारखा नोटिसा वाचणारा. दुसरा कावळा. हा कावळा पिंडाला शिवण्यासाठी भाव करायचा. "आधी जिलबी दाखवा, मग विचार करतो." लोक हसायचे. पण घाटकोपरच्या एका मंडळाच्या अध्यक्षाने पैसे कापता कापता मला सांगितलं, "तुमचं ठीक आहे हो, पण दोन्ही पुरुषच. बायामाणसांचं काहीतरी आणा की." पैसे कापल्याचा राग आला, पण सल्ला खरा होता.

रविवारी सकाळी गोरेगावला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी वर्गही घ्यायचो. पाच-सहा जण यायचे. एक बँकेतला कारकून, एक औषधाच्या दुकानाचा मालक, एक बालवाडीची बाई, असे. त्यांना मी पहिल्या दिवशी बाहुलीला हात लावू देत नसे. सांगायचो, "बाजारात जा. काहीतरी विकत घ्या, पण भाव केल्याशिवाय नाही. आणि परत येऊन मला विकणाऱ्याच्या आवाजात सगळं सांगा." कारकून म्हणाला, "सर, मला भाव करता येत नाही." मी म्हटलं, "मग बाहुली पण बोलणार नाही. आवाज घशात नसतो. भांडणात असतो." ही शिकवण माझी स्वतःची. आजही ती मला खोटी वाटत नाही.

मी स्वतः कुठून शिकलो ते मात्र वर्गात सांगितलं नव्हतं.

मी राहायचो अंधेरी पूर्वेला, चाळीतल्या एका खोलीत, एकटा. लग्न झालं नाही. दोनदा ठरत आलं होतं, दोन्ही वेळा बैठकीत माझं तोंड सुटलं. सकाळी पूल ओलांडून पश्चिमेच्या मासळीबाजारात जायचो. रोज मासे खायला मी काही सावकार नव्हतो, तरी रोज जायचो. तिथे वर्सोव्याची एक म्हातारी कोळीण बसायची. साठीच्या पुढची, हातात चांदीच्या जाड पाटल्या, अंबाड्यात अबोलीचा तुकडा. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचो. तिची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, ती माझ्या हातून करायची. एकदा चुकून मी पहिला आलो आणि त्या दिवशी तिची पाटी दहाच्या आत रिकामी झाली. तेव्हापासून मी येईपर्यंत ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला थोपवून धरायची. "थांब गं, माजा हातगुणाचा येतोय."

हातगुणाचा म्हणून भाव कमी करील असं मात्र कधी झालं नाही.

"काय रं, कालचं पचलं का फुकटचं?"

"फुकटचं? मावशी, काल तू मला लुटलंस."

"लुटायला तुज्याकडं हाय काय? सदऱ्याला बटन नाय."

"या बांगड्यांचे डोळे बघ. माझ्या कावळ्याचे डोळे यांच्यापेक्षा ताजे आहेत. आणि ते काचेचे आहेत."

"मग कावळा शिजव जा! त्याला मसाला मी देते."

मी उठून चालायला लागायचो. दहा पावलं गेलो की मागून हाक यायची. कधीकधी दहाच्या ऐवजी वीस पावलं जाऊन बघायचो, हाक येते की नाही. यायची. मग आणखी दोन शिव्या, मग ती वाटा पिशवीत टाकायची आणि वर एक बांगडा फेकायची. पैसे कपाळाला लावून कमरेच्या पिशवीत ठेवायची. सगळा मिळून पाव तासाचा व्यवहार. त्या पाव तासात मी जेवढं बोलायचो तेवढं माझ्याच आवाजात दिवसभरात दुसरीकडे कुठे बोलत नसे. बाकीचं बोलणं सेक्रेटरीचं नाहीतर कावळ्याचं.

तिच्या डाव्या बाजूला दीड हात जागा रिकामी असायची. त्यावर ओलं गोणपाट अंथरलेलं. बाजारात वीतभर जागेसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, पण त्या गोणपाटावर कोणी पाटी ठेवत नसे. आणि मावशी मधूनमधून त्या बाजूला मान वळवून बोलायची. "बघितलंस? कसा भाव पाडतोय? तू असतीस तर दिली असतीस. अक्कल कवा होती तुला!"

सुरुवातीला मला वाटायचं, हे मलाच ऐकवतेय. एका दिवशी मासळी कमी होती, गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी सरळ विचारलं, "मावशी, तिकडे कोण आहे?"

ती कोयता पुसत म्हणाली, "माजी जाऊ."

बावीस वर्षं दोघी तिथे शेजारी शेजारी बसल्या. एका घरात नांदल्या, एका पाणवठ्यावर भांडल्या. शेवटी कसल्याशा टोपलीवरून वाजलं आणि बोलणं बंद झालं. शेजारी बसून सहा महिने बोलल्या नाहीत. मग जाऊ तापाने आजारी पडली आणि आठ दिवसांत गेली.

"सा म्हैने बोलले नाय मी," मावशी म्हणाली. "ती दोन-तीनदा बोलायला आलीवती. मी त्वांड फिरवलं. आता बोलते. ऐकत असंल तर ऐकंल."

मग माझ्याकडे बघून, "तू कशाला बसलास? मासळी घेनार हाईस का जागा अडवनार हाईस?"

मी मासळी घेतली. त्या दिवशी भाव केला की नाही ते आठवत नाही. एवढं आठवतं, की पूल चढताना मी ओठ न हलवता तिचं 'बोलले नाय मी, आता बोलते' म्हणून बघत होतो.

इथे मला लोक नावं ठेवतील, म्हणून आधीच सांगतो. मी काही चोरून घेतलं नाही. लेखक घेतात, नट घेतात, चित्रकार रस्त्यावरच्या भिकाऱ्याचा चेहरा घेतो आणि त्याला हार पडतात. मी माझ्या कष्टाने डोकं घडवलं, चौदा वेळा रंग दिला, कानाच्या पाळ्या ओघळल्यासारख्या केल्या, नऊवारी कोळणीसारखी घट्ट नेसवली. आवाजासाठी सहा महिने घसा सोलला. आणि मी जाऊ म्हटलं नाही. शेजारीण म्हटलं. तेवढा बदल मी मुद्दाम केला.

खेळात म्हातारी आधी माझ्याशी भाव करायची. ते दहा मिनिटं चालायचं. मग मी तिच्या बाजूला एक रिकामी खुर्ची आणून ठेवायचो. म्हातारी हळूच मान वळवायची. मान वळवण्याची तार मी खास वेगळी केली होती, एकदम वळायची नाही, अडखळत वळायची. आणि खुर्चीला म्हणायची, "जिवंत होतीस तेव्हा बोलले नाय. आता मेलीस ना? आता ऐक!" लोक खुर्चीवरून पडायचे. मग ती खुर्चीशी तावातावाने भांडायची, मी मध्ये पडायचो, तर म्हणायची, "तू गप रे, आम्हा बायकांत बोलू नको." बोरिवलीला एका सोसायटीत हा खेळ झाला आणि महिनाभरात माझा भाव दुप्पट झाला. म्हातारी नसेल तर येऊ नका, असं लोक सांगायला लागले.

बाजारात मी रोज जातच होतो. मावशीला सांगितलं नव्हतं. सांगणार होतो. एखाद्या दिवशी पेटी घेऊन जायचं, पाटीसमोर म्हातारी बसवायची आणि दोघींचा भाव लावून द्यायचा, असं मनात होतं. ती खूश होईल याबद्दल मला शंका नव्हती.

नारळी पौर्णिमेच्या आधी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले चार तरुण माझ्या खोलीवर आले. त्यांच्या मंडळाचा कार्यक्रम होता.

"म्हातारीचा आयटम पायजे," त्यांच्यातला बोलका होता तो म्हणाला. "खुर्चीवाला. बोरिवलीला बघितला यार, झकास! आमच्याकडं तर फुटतील लोक."

मी म्हटलं, "सेक्रेटरी आणि कावळा घ्या. तो आयटम वेगळा आहे, त्याला वेगळे पैसे पडतात."

"किती?"

मी आकडा सांगितला. ते उठले. मी उठू दिलं. जिन्यापर्यंत जाऊन परत आले. असंच होतं, मला माहीत होतं. शेवटी माझ्याच आकड्याच्या जवळपास ठरलं, पण एका अटीवर, की खुर्चीचा आयटम झालाच पाहिजे. मी हो म्हटलं.

मावशी तिथे असणार हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी लिहू शकलो असतो. सुचलं होतं. जिन्यावरून त्यांची पावलं खाली जात होती तेव्हाच सुचलं होतं. हाक मारून सांगता आलं असतं, की हा आयटम तुमच्याकडे नको. पण मग भाव कशाच्या जोरावर टिकला असता? आणि मला वाटलं, बघेल तर बघू दे. स्वतःला स्टेजवर बघायला कोणाला आवडत नाही?

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, उजेड असतानाच, कार्यक्रम सुरू झाला. पिंपांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. मावशी दुसऱ्या रांगेत, नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून तिने शेजारणीला कोपर मारलं. "माजा गिऱ्हाईक! हा काय करतो इथं?"

मी पेटीतून म्हातारी काढली. कोळीवाडा एकदम फुटला. कारण नुसती कोळीण नव्हती ती. पाटल्या, अबोली, पदर खोचण्याची तऱ्हा. म्हातारी म्हणाली, "काय रं, सदऱ्याला बटन नाय आनि पापलेट मागतोस?" आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल तर मावशी. तोंडावर हात घेऊन, पुढेमागे हलत हसली. "अगं माजे बाय! ही तर मीच!" असं ओरडली. लोकांनी टाळ्या पिटल्या. तिने उठून म्हातारीला हात केला. म्हातारीनेही तिला हात केला.

तीस वर्षं झाली असतील, नाही, तेवढी झाली नसतील, पण मला वाटतं माझ्या आयुष्यातली ती दहा मिनिटं सगळ्यात चांगली. तिथेच मी पेटी बंद करायला हवी होती. मंडळवाल्यांनी पैसे कापले असते, कापू द्यायचे होते.

मी खुर्ची आणली.

म्हातारीची मान अडखळत वळली. "जिवंत होतीस तेव्हा बोलले नाय. आता मेलीस ना? आता ऐक!"

बोरिवलीला लोक म्हातारीकडे बघून हसले होते. इथे ते मागे वळून मावशीकडे बघून हसले. शेजारीण म्हटलं म्हणून कोण फसणार होतं? त्या दोन जावांचं भांडण कोळीवाड्याने बावीस वर्षं ऐकलं होतं. कोणीतरी मागून ओरडलं, "मावशे, तुजी जाऊ आयली बघ!" त्यावर आणखी हशा. मावशी हसत नव्हती. रागावलीही नव्हती. माझ्याकडे किंवा म्हातारीकडे ती बघतच नव्हती. ती खुर्चीकडे बघत होती. मी मात्र आयटम पुरा केला. माझी जीभ आपोआप काम करत होती, एकाही अक्षराला ओठ मिटला नाही.

शेवटी कलावंताचा सत्कार. मंडळवाल्यांनी माइकवर जाहीर केलं, की बाजारातली सगळ्यात जुनी विक्रेती म्हणून नारळ मावशीच्या हस्ते देण्यात येत आहे. ती नातीला खाली ठेवून वर आली. नारळ माझ्या हातात दिला. मी हळूच म्हटलं, "मावशी, आवडलं का?" तिने पदर सारखा केला आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेचा बाजार बंद होता. तिसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. पाटी भरलेली होती, गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"काय मावशी, आज बांगडे कुठल्या सालचे?"

ती मासळीवर पाणी मारत म्हणाली, "मागून ये. भवानी नाय झाली अजून."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "मग मी आलोय ना."

"मागून ये."

मी बाजूला उभा राहिलो. एक पारशी म्हातारा आला, त्याने सुरमईचा तुकडा घेतला. तिने त्याचे पैसे कपाळाला लावले. मग माझ्याकडे वळून बांगड्यांचा एक वाटा उचलला.

"किती?" मी विचारलं.

"द्यायचं ते दे."

भाव करणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. 'द्यायचं ते दे' असं कोण म्हणतं? भटजीला विचारलं तर तो म्हणतो. भीक मागणारा म्हणतो. किंवा ज्याच्याशी आपला काही संबंध उरला नाही असा माणूस म्हणतो. मी मुद्दाम अर्धे पैसे पुढे केले. तिने घेतले आणि न बघता पिशवीत टाकले. मी चालायला लागलो. दहा पावलं, वीस पावलं. पूल येईपर्यंत गेलो.

आणि तिच्या डाव्या बाजूचं गोणपाट नव्हतं. तिथे एक तरुण कोळीण करंदीची टोपली घेऊन बसली होती. ते मला तेव्हाच दिसलं होतं, पण पुलावर कळलं. मावशी आता त्या बाजूला मान वळवून बोलत नव्हती. बोलणार कशी? अख्खा बाजार कान लावून बसला असता, आता काय म्हणते म्हणून.

पुढचे दोन-तीन महिने मी रोज गेलो. रोज तेच. "मागून ये." "द्यायचं ते दे." कधी अर्धे दिले, कधी दुप्पट. तिने कधी मोजले नाहीत, कधी वर एक बांगडा टाकला नाही, कधी कमीही दिलं नाही. माझ्यासारख्याची यात काय अवस्था होते ते ज्याला कळायचं त्याला कळेल. मासे म्हणेन त्या भावात पडत होते आणि घशाखाली उतरत नव्हते.

एका रविवारी वर्गात मी म्हातारी घेऊन बसलो होतो. मान अडखळत कशी वळवायची ते दाखवत होतो. म्हातारी चार वाक्यं बोलली. नेहमीसारखं कोणी हसलं नाही. बालवाडीची बाई, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, जरा चाचरत म्हणाली, "सर, रागावू नका. पण म्हातारी आज तुमच्यासारखी बोलतेय."

"माझ्यासारखी म्हणजे? बोलणार कोण, तुमचे यजमान?"

"तसं नाही सर. आधी ती तुमच्याशी भांडायची. आता तुम्हीच भांडताय असं वाटतं. दोन्ही बाजूंनी."

मी तिला नको नको ते बोललो. तुम्हाला तीन महिन्यांत एक 'प' नीट काढता येत नाही आणि मला शिकवता, वगैरे. ती उठून गेली. तिच्याबरोबर कारकूनही गेला. पुढच्या रविवारी औषधवाला एकटाच आला, तोही छत्री विसरली होती ती न्यायला. ती बाई खरं बोलत होती, हे मला ती बोलत असतानाच समजलं होतं. नव्या शिव्या आत येत नव्हत्या. होत्या त्याच मी पुन्हा पुन्हा काढत होतो आणि त्या झिजत चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात तमाशा केला. तिने "द्यायचं ते दे" म्हटल्यावर मी पिशवी आपटली आणि ओरडलो, "शिवी तरी दे! मी तुझं काय वाईट केलं? टाळ्या पडल्या तुझ्या नावाने! हात केलास ना तू? हसलीस ना?"

आजूबाजूच्या कोयत्यांचा आवाज थांबला. कोणीतरी म्हणालं, "काय रं, म्हातारीला वरडतोस?" मावशीने त्या बाईला हातानेच गप्प केलं. मग माझ्याकडे बघितलं, त्या दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदाच नीट बघितलं.

"हासले ना," ती म्हणाली. "माजंच होतं तवर हासले. मला घे, माज्या पाटीला घे, माज्या शिव्या घे. पन तिला कशाला उठवलीस? ती मेलेली बाई. तिला लोकं हासली."

मी आपटलेली पिशवी उचलली.

"मी तिच्याशी काय बोलायची ते तू बोललास सगळ्यांफुडं. आता मी काय बोलू?" आणि पाटीवर पाणी मारलं. "जा. गिऱ्हाइकं खोळंबली."

मुलुंडला त्याच आठवड्यात एका सोसायटीचा कार्यक्रम ठरत होता. मी त्यांना सांगितलं, म्हातारी येईल पण खुर्ची नाही. सेक्रेटरी, खराखुरा सेक्रेटरी, म्हणाला, "खुर्ची नाही तर मग राहिलं काय? निम्मे घ्या." आयुष्यात पहिल्यांदा मी निम्म्याला हो म्हटलं. माझ्या तोंडून निघालेलं ते 'हो' मलाच ऐकवलं नाही. घरी आल्यावर तासभर मी त्या सेक्रेटरीला मनातल्या मनात सोलत होतो. पण शब्द फिरवला नाही. कार्यक्रम खुर्चीशिवाय झाला. बरा झाला. कोणी खुर्चीवरून पडलं नाही.

मुलुंडनंतर दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. हे सांगायला गेलो होतो. लपवत नाही, मला वाटत होतं की हे ऐकल्यावर काहीतरी सुटेल. मी नुकसान सोसलं होतं, तिच्यासाठी. धंद्यात दोन पावलं आपण मागे आलो की समोरचा एक तरी येतो. आजवर तसंच झालेलं होतं.

भवानी होऊन गेली होती. मी पाटीसमोर उकिडवा बसलो.

"मावशी, तो खुर्चीचा आयटम मी बंद केला. मुलुंडला निम्म्या पैशात खेळ केला."

ती बोंबील साफ करत होती. हात थांबला नाही.

"मी सांगितलंवतं?"

"नाही."

"मग माज्यापाशी कशाला सांगतोस? लोकं हासत होती ना त्याला. कर की." तिने बोंबलाचं डोकं उडवलं. "आता केलंस काय नि नाय केलंस काय. ती काय परत बोलायची नाय माज्याशी."

मला फार राग आला. तिचा आला, त्या मुलुंडच्या माणसाचा आला, निम्म्या पैशांचा आला. हा राग आजही गेलेला नाही, हे लिहिताना हात तापतोय. माणसाने चूक सुधारली तर तिला काहीतरी किंमत असावी की नाही? अर्धी तरी? मी हे सगळं तिला बोलणार होतो. शब्द घशाशी आले होते. पण करंदीवाली आमच्याकडे बघत होती. मी जे बोललो असतो ते उद्या कोळीवाड्यात कोणीतरी हुबेहूब बोलून दाखवलं असतं, आणि मावशीला पुन्हा ते ऐकावं लागलं असतं.

म्हणून मी म्हटलं, "एक वाटा दे."

तिने वाटा पिशवीत टाकला.

"किती?"

"द्यायचं ते दे."

बोंबील त्या दिवशी चांगले होते, पांढरेशुभ्र, काटा न मोडलेले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांची खरी किंमत काय असेल ते मनात ठरवलं. कमी करून नाही, वाढवून नाही. आयुष्यभर कधी कोणाला पहिल्या बोलीत खरी किंमत सांगितली नव्हती. तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने बघितले का, मला माहीत नाही. मी मागे वळून बघितलं नाही, आणि हाक येईल म्हणून पावलंही मोजली नाहीत.